खुर्द्याचीही गणती व्हावी: इंदूरचे महापौर, पार्षद आणि मराठी मंडळांना खुले पत्र

माननीय महापौर, सर्व पार्षद आणि इंदुरातल्या मराठी मंडळांचे पदाधिकारी,

सप्रेम नमस्कार.

मी इंदूरची. माहेर जुनी इंदूरचे, सासर रामबागेतले. एकतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. बाहेरगावचे कोणी आले की त्यांना राजवाडा दाखवायला न्यायचे काम घरात माझ्याकडे असते, आणि ते मी आवडीने करते. सात मजले, खालचे दगडी, वरचे लाकडी. तीनदा जळला आणि तीनदा सावरला. १८०१ साली शिंद्यांच्या फौजेने जाळला, १८३४ साली आग लागली, १९८४च्या दंगलीत मागचा भाग गेला. हे मी शंभरदा तरी सांगितले असेल.

मागच्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या चुलत जावेला हेच सांगत होते. ती मान डोलावत ऐकत होती. मीच मध्ये अडखळले. १८०१ साली वाड्याचे काय झाले ते मला तोंडपाठ होते, आणि वाड्याबाहेर काय झाले तेही मी वाचलेले होते. फार वर्षांपूर्वी वाचलेले. ते मी कधी कोणाला सांगितले नव्हते. ना पाहुण्यांना, ना वर्गात. जळलेल्या तुळयांचा हिशेब दिला, माणसांचा दिला नाही. त्या संध्याकाळपासून हे पत्र मनात घोळते आहे.

ज्यांना हा प्रसंग ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अहिल्याबाई १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरला वारल्या. पुढच्या सहा वर्षांत त्यांनी बसवलेली सगळी घडी विस्कटली. १७९७ साली पुण्यात दौलतराव शिंद्यांच्या फौजेने मल्हारराव होळकरांना, म्हणजे बाईंमागून गादीवर आलेल्या तुकोजीरावांच्या मुलाला, मारले. १८०१च्या एप्रिलमध्ये त्यांचे भाऊ विठोजी यांना शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायी दिले. या दोघांचे भाऊ यशवंतराव पेटून उठले. जुलैमध्ये त्यांनी उज्जैनला शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला आणि त्या शहराकडून जबर खंडणी वसूल केली. त्याचा सूड घ्यायला दौलतरावांनी आपले सासरे सर्जेराव घाटगे यांना इंदुरावर धाडले. हे तेच घाटगे, ज्यांनी १७९८ साली पुण्यात पैसे उकळण्यासाठी भल्याभल्यांना तापलेल्या तोफांना बांधले होते.

१४ ऑक्टोबर १८०१ रोजी इंदुरापाशी लढाई झाली. यशवंतराव हरले आणि उरलेली फौज घेऊन निघून गेले. शहर जागच्या जागी राहिले.

मग लूट सुरू झाली. ज्यांच्याकडे पैसा असल्याचा संशय होता त्यांना, तो कुठे पुरला ते सांगेपर्यंत छळले. ज्यांच्याकडे काहीच नव्हते ते जिवानिशी गेले. दगडी घरे सोडली तर बाकी घरांना आगी लावल्या. अब्रू वाचवायला बायकांनी विहिरी जवळ केल्या आणि विहिरी प्रेतांनी भरल्या, असे वीसेक वर्षांनी इंग्रज अधिकाऱ्यांनी माळव्यातल्या जुन्या माणसांना विचारून लिहिलेल्या वृत्तांतात येते. मेलेल्यांचा आकडा हजारांत सांगतात. पंचांग मागे नेऊन पाहिले तर हे दिवस नवरात्राचे निघतात. घरोघरी घट बसलेले असतील, सातव्या माळेच्या आसपासची तिथी असेल.

अहिल्याबाईंनी ज्यांना बोलावून, अभय देऊन इथे वसवले, त्यातलीच ही माणसे. त्यांची त्रिशताब्दी आपण २०२५ साली किती थाटात साजरी केली! त्या थाटात मीही होते, शाळेच्या मुलींचा लेझीमचा ताफा घेऊन. बाईंच्या मागे सहाच वर्षांनी त्यांच्या प्रजेचे काय झाले, याचा एक शब्द त्या वर्षभरात माझ्या कानावर आला नाही. माझ्या तोंडूनही निघाला नाही.

पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांना सावकारी भाषेतला जो निरोप मिळाला, तो आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. हा निरोप पेशव्यांना आपल्याच माळव्यात, भेलशाच्या बाजूला मिळाला होता. विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ हे मोती, मोठे सरदार त्या मोहरा. आणि खुर्दा म्हणजे बाकी सगळे: शिपाई, बाजारबुणगे, तीर्थयात्रेच्या आशेने फौजेबरोबर निघालेली म्हातारी माणसे, बायका, मुले. हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे आणि मुलांच्या अंगावर काटा येत असे. काटा यायचा तो मोत्यांसाठी. खुर्दा या शब्दाशी मी एकदाही थांबले नाही.

आपल्याकडे मोत्यांच्या छत्र्या, म्हणजे राजघराण्याची स्मारके, आहेत. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या नदीकाठी उभ्या आहेत, छत्रीबाग आहे, आणि त्या सुंदर आहेत यात वादच नाही. लढून मेलेल्यांचीही आठवण आपण ठेवली. १८५७च्या उठावातल्या राणा बख्तावरसिंहांना १८५८ साली जिथे फाशी दिले ती जागा एमवाय हॉस्पिटलच्या आवारात आपण जपली. महाराष्ट्रातल्या आपल्या मूळ गावी वेशीवर वीरगळ असतात, गाईगुरे सोडवताना मेलेल्याचाही असतो. सती गेलेल्या बाईचा दगड असतो, कोपरात वाकलेला हात आणि त्यात बांगड्या. पण हातात शस्त्र नसताना, पळताना, पोर काखोटीला मारून धावताना मेली त्या बाईचा दगड मी कुठल्याच वेशीवर पाहिलेला नाही. तिने काही पराक्रम केला नाही, म्हणून तिला दगड नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की तिला दगड मिळावा.

हे माझ्या मनात एका परक्या शहरामुळे आले. काही वर्षांपूर्वी मुलीच्या कामानिमित्त तिच्याबरोबर सारायेवोला तीन दिवस राहिले. बोस्नियाची राजधानी. ५ एप्रिल १९९२ ते २९ फेब्रुवारी १९९६, म्हणजे १४२५ दिवस, त्या शहराला वेढा पडला होता. भोवतालच्या डोंगरांवरून बोस्नियातल्या सर्ब फौजेच्या उखळी तोफांचे गोळे पडत, नेमबाज रस्ता ओलांडणाऱ्याला टिपत. २७ मे १९९२ रोजी पावासाठी रांगेत उभी असलेली २६ माणसे गोळ्यांनी मारली गेली. ५ फेब्रुवारी १९९४ला मार्काले नावाच्या भाजीबाजारात एक गोळा पडला आणि ६८ जण गेले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याच बाजारापाशी पुन्हा ४३. यातली बहुतेक माणसे भाजी-पाव आणायला घराबाहेर पडलेली.

मुलगी कामाला गेली की मी एकटी पायी फिरत असे. एका फुटपाथवर मला एक खूण केलेला खळगा दिसला. तळहातापेक्षा थोडा मोठा, उथळ. त्याच्याभोवती पाणी उडाल्यासारखे लहान-मोठे टवके, सगळे एकाच बाजूला जास्त पसरलेले. उखळी गोळा काँक्रीटवर फुटला की असाच ठसा उमटतो. त्या सगळ्या खाचांमध्ये लाल राळ ओतलेली होती. दुरून फूल वाटते, म्हणून त्याला सारायेवोचा गुलाब म्हणतात. जिथे माणसे मेली तिथेच तो असतो. नाव नाही, कठडा नाही, हार नाही. मी तिथे उभी असताना एक बाई पावाची पिशवी घेऊन झपझप आली. खळग्यापाशी तिचे पाऊल वीतभर बाजूला पडले आणि ती पुढे गेली. तिने खाली पाहिलेसुद्धा नाही. पायालाच ते ठाऊक होते.

मार्काले बाजारातही गेले. बाजार चालू आहे. भाजी, चीज, फळे, घासाघीस, सगळे आपल्या मंडीसारखे. मागच्या बाजूला लाल भिंत आहे, तिच्यावर मेलेल्यांची नावे आहेत, आणि नावांच्या समोर ताज्या मुळ्यांच्या जुड्या. स्मारकासाठी बाजार उठवला नाही, बाजारासाठी स्मारक झाकले नाही. वेढ्याला वीस वर्षे झाली तेव्हा, ६ एप्रिल २०१२ रोजी, तिथल्या मुख्य रस्त्यावर त्यांनी ११,५४१ लाल खुर्च्या ओळीने मांडल्या. मेलेल्या प्रत्येक माणसामागे एक रिकामी खुर्ची. त्यातल्या ६४३ लहान होत्या, मुलांच्या. त्या लहान खुर्च्यांवर लोकांनी खेळणी आणून ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, तिथली गोष्ट तीस वर्षांची, आपली सव्वादोनशे वर्षांची. रडणारे कोणी उरलेले नाही. खरे आहे. म्हणूनच तर हे काम आपल्याला, शहराला करावे लागेल. ज्यांची मुले-नातवंडे आहेत त्यांचे श्राद्ध घरी होते.

माझ्या माहेरच्या वाड्यामागे एक विहीर होती. सर्वपित्रीला आजी सगळ्यांची पाने वाढून झाली की एक पान जास्तीचे घेई. खीर, उडदाचे वडे, आमसुलाची चटणी, भोपळ्याची भाजी, कढीचा द्रोण, सगळे नीट. ते पान ती कावळ्यासाठी कौलांवर ठेवत नसे. पदर खोचून विहिरीच्या काठापर्यंत जाई, तिथे पान ठेवी, हातावर पाणी घेऊन सोडी आणि मागे न बघता परत येई. हे कोणाचे, असे मी एकदा विचारले. ‘ज्यांचे करणारे कोणी उरले नाही त्यांचे,’ एवढेच ती म्हणाली. ती विहीर कोणी खोदली, कधीची, त्यात कधी काय झाले, यातले काही ती बोलली नाही, आणि मी त्या पानाचा संबंध १८०१शी जोडत नाही. तर्पणात शेवटी अनाथ जिवांसाठी पाणी सोडतातच, त्यातलाच तो रिवाज असेल. पण पुढे कॉलेजात विहिरींबद्दलचा तो मजकूर वाचला तेव्हा डोळ्यांपुढे आली ती आजीची पाठ, आणि काठावरचे ते केळीचे पान. आज तिथे चार मजली इमारत आहे. विहीर पार्किंगच्या फरशीखाली गेली. दोन स्कूटर उभ्या असतात तिच्यावर.

तेव्हा माझी मागणी अशी आहे. राजवाड्याभोवतीच्या आणि जुनी इंदूरच्या जुन्या वस्तीत दहा-बारा ठिकाणी, शाळेच्या पाटीएवढा काळा दगड बसवावा. माळव्याचाच दगड. राजवाड्यासमोर एक, सराफ्यात एक, खजुरी बाजारात, बर्तन बाजारात, पंढरीनाथपाशी, जुनी इंदूरला नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत. कोण नेमके कुठे मेले ते कोणी लिहून ठेवलेले नाही, त्यामुळे जागा अचूक असल्याचा आव आणू नये. जुने गाव जिथे होते, तिथे तो असला म्हणजे झाले.

मात्र दगड रस्त्यात नको. सारायेवोची नक्कल इथे चालणार नाही, यावर मी खूप विचार केला आहे. आपल्या रस्त्यावर लाल रंग दिसला की तो पानाचा म्हणूनच दिसेल, आणि निगमाचे सफाई कामगार रात्रीतून तो घासून काढतील. त्यांचे ते कामच आहे, आणि ते करतात म्हणून आपल्या शहराचे नाव आहे. शिवाय आपले रस्ते सारखे उकरले जातात. सारायेवोतसुद्धा डांबरीकरणात बरेच गुलाब गेले. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाय. जर्मनीत नाझींनी मारलेल्यांच्या घरांपुढे फुटपाथवर १० सेंटिमीटरचे, वर पितळी पत्रा असलेले चौकोनी ठोकळे बसवतात, ‘इथे राहत होता’ असे लिहून. १९९२ साली सुरू झालेल्या त्या कामात २०२३पर्यंत युरोपभर मिळून एक लाखावर ठोकळे बसले. पण म्युनिक शहराने ते आपल्या सार्वजनिक रस्त्यांवर बसवू दिले नाहीत. तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्षांनीच विरोध केला, की ज्यांना एकदा तुडवले त्यांची नावे पुन्हा पायाखाली नकोत. म्युनिकने मग भिंतीवर पाट्या आणि फुटपाथच्या कडेला खांब लावले. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

म्हणून दगड भिंतीत असावा, साधारण छातीच्या उंचीवर, आणि त्याच्याखाली एक कोनाडा. आपल्या जुन्या घरांच्या दारांशी पणतीचा कोनाडा असतो ना, तसाच. कोणी त्यात दिवा ठेवील, कोणी फूल, कोणी उदबत्ती. कोणी पाण्याचा पेला ठेवील, कोणी नुसता हात लावून जाईल. मेलेल्यांत कोणत्या धर्माचे, कोणत्या जातीचे किती, हे कोणी मोजले नव्हते. कोनाडा रिकामा असला की ज्याला जे ठेवायचे ते तो ठेवू शकतो. पुतळा मात्र नको. पुतळा बसला की चौथरा येतो, चौथरा आला की उद्घाटनाची पाटी येते, आणि त्या पाटीवरची नावे दगडावरच्या अक्षरांपेक्षा मोठी होतात.

सुशोभीकरणाबद्दलही एक विनंती. अमृतसरला जालियनवाला बागेतली विहीर आणि भिंतीतल्या गोळ्यांच्या खुणा पाहायला देशभरातून माणसे जातात. १३ एप्रिल १९१९ रोजी लोकांनी ज्या विहिरीत उड्या टाकल्या ती विहीर तिथे राखली आहे. २०२१ साली तिथे नूतनीकरण झाले, ज्या अरुंद बोळातून सैनिक आत आले त्या बोळाच्या भिंतींवर हसऱ्या माणसांची उठावचित्रे लागली, आणि देशातल्या व बाहेरच्या अनेक इतिहासकारांना ते फार लागले. तो बोळ अरुंद आणि उघडावाघडा होता, म्हणूनच तिथे छातीत धस्स होत असे. आपल्या दगडांवर रंगीत दिव्यांचे झोत नकोत, स्टीलचे रेलिंग नको, सेल्फी पॉइंट नको.

आता दगडावर काय लिहायचे ते. यावर भांडणे होतील, आणि मला ती आधीच दिसत आहेत.

सारायेवोतल्या काही भिंतींवर ज्या पाट्या आहेत, त्यांवर ‘सर्ब गुन्हेगारांनी’ इथे अमुक इतके मारले असे कोरले आहे. त्या शब्दांवरून तिथे वाद आहे, कारण वेढा पडलेल्या शहरात सर्बही राहत होते, तेही त्याच गोळ्यांनी मेले. एका समाजाचे नाव कोरले की त्या समाजातला आज जन्मलेला मुलगाही ते वाचत मोठा होतो. आपण ती चूक करू नये. इंदूर कोणी लुटले? ग्वाल्हेरच्या लोकांनी नाही. माझी सख्खी मावशी ग्वाल्हेरला दिलेली, तिची मुले-नातवंडे तिथलीच. एका फौजेने लुटले, आणि त्या फौजेचा धनी आणि सेनापती कोण होते ते इतिहासात नोंदलेले आहे. तेवढेच लिहावे, पण तेवढे लिहावेच. ‘परचक्रात’, ‘अंदाधुंदीत’ असले गुळमुळीत शब्द घालून मारणाऱ्यालाच अदृश्य करू नये.

मी सुचवते तो मजकूर असा: ‘ऑक्टोबर १८०१. दौलतराव शिंदे यांच्या फौजेने सर्जेराव घाटगे यांच्या हुकमतीखाली हे शहर लुटले आणि जाळले. इंदूरची निःशस्त्र माणसे मारली गेली. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.’ मराठीत आणि हिंदीत. माळवीत कोणी चांगले लिहून दिले तर मला जास्त आनंद होईल, कारण त्या गल्ल्यांमधला आक्रोश बहुतेक माळवीतच झाला असेल.

मराठी मंडळांच्या पदाधिकाऱ्यांनो, आता तुमच्याशी बोलते, कारण महापौरांआधी तुमचा होकार मला हवा आहे. तुम्ही म्हणाल, आधीच इथे आपण थोडे उरलो आहोत, नवी मुले घरातही हिंदी बोलतात, आणि अशात मराठ्यांनीच मराठ्यांचे शहर जाळले हे आपण होऊन दगडावर कोरायचे? होय, आपण होऊनच. दुसऱ्याने कोरले तर तो आरोप होतो. बंगालमध्ये बाळाला निजवताना आजही बर्गी आल्याचे गाणे म्हणतात. हे बर्गी म्हणजे आपले बारगीर, नागपूरकर भोसल्यांचे, १७४१ ते १७५१च्या काळातले. त्या आयांनी पावणेतीनशे वर्षे आपला खुर्दा गाण्यात जपला, आणि आपल्याला त्याची वार्ताही नाही. आणि आपण होळकरांचे इंदूरकर म्हणून अंग झटकायलाही जागा नाही. यशवंतरावांच्या फौजांनी पुढच्याच वर्षी खानदेशापासून पुण्यापर्यंतचा मुलूख उद्ध्वस्त केला, त्यावर पाऊस रुसला, आणि १८०३-०४च्या दुष्काळात दख्खनची गावेच्या गावे ओस पडली. यशवंतरावांबद्दल मला आदर आहे. इंग्रजांशी ते ज्या जिद्दीने लढले ते मी वर्गात घसा बसेपर्यंत शिकवले आहे. पण उज्जैनने किंवा पुण्याने उद्या असा दगड बसवला आणि त्यावर होळकरांच्या फौजेचे नाव आले, तर मी तिथे जाऊन फूल ठेवीन.

१९८४चा विषय मी मुद्दाम इथे आणलेला नाही. ती जखम अजून ओली आहे, आणि तिच्याबद्दल काय व्हावे हे आधी ज्यांच्या घरातली माणसे गेली त्यांनी सांगायचे आहे.

काही जण म्हणतील, सराफ्यात लोक रात्री भुट्ट्याचा कीस आणि जिलबी खायला येतात, तिथे मरणाची पाटी कशाला? मार्कालेची भाजी मी वर सांगितलीच. त्याशिवाय सराफ्याच्या बंद दुकानांच्या ओटल्यांवर बसून खाणारी जी गर्दी आहे, तीच तर १८०१ची गर्दी. दुकानदार, गिऱ्हाईक, हमाल, लेकुरवाळ्या बायका. दुसऱ्या कुठल्या जागी त्यांची आठवण जास्त शोभेल, मला तरी सुचत नाही.

दिवस कोणता धरायचा, याचे उत्तर आपल्या पंचांगात तयार आहे. नवरात्रात शहर गरब्यात असते आणि ते तसेच असावे. पण त्याच्या आधीच्या पितृपक्षात चतुर्दशीच्या घरात आपल्या कॅलेंडरवर ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ असे छापलेले असते. शस्त्राने ज्यांचा घात झाला त्यांची ही तिथी, घातचतुर्दशी. आपण तिला भाद्रपद वद्य चतुर्दशी म्हणतो, आपले हिंदी भाषक शेजारी आश्विन कृष्ण चतुर्दशी म्हणतात. महिन्याची नावे वेगळी, दिवस एकच. कार्यक्रम नको, भाषणे नकोत, मंडप नको. त्या संध्याकाळी दिवेलागणीला ज्याला वाटेल त्याने जवळच्या कोनाड्यात दिवा लावावा.

निगमाकडून मला काय हवे तेही स्पष्ट सांगते. जागांची परवानगी. ज्यांच्या भिंती आहेत त्या घरमालकांना आणि दुकानदारांना एक पत्र, म्हणजे त्यांना कुठली कारवाई वाटून भीती वाटणार नाही. रस्ता रुंदीकरणात ती भिंत गेली तर दगड काढून जपून ठेवावा आणि नव्या भिंतीत परत बसवावा, असा एक ठराव. हा ठराव मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण गेल्या काही वर्षांत या भागातल्या किती भिंती मागे सरकल्या ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. राजवाड्यात जी माहिती लावली जाते, तिच्यात १८०१च्या आगीपुढे दोन ओळी माणसांबद्दल वाढवाव्यात. आणि शहरातल्या इतिहासाच्या शिक्षकांना एकदा बोलवावे. मी येईन आणि मी काय शिकवायचे राहिले ते त्यांना सांगेन.

दगडांचा खर्च निगमावर टाकण्याची माझी इच्छा नाही. पहिल्या दगडाचे पैसे मी पेन्शनमधून बाजूला ठेवले आहेत. माझ्या काही जुन्या विद्यार्थ्यांनी बाकीच्यांसाठी हात वर केला आहे, त्यातला एक सराफ्यातच पेढीवर बसतो आणि त्याने भिंत दाखवूनही ठेवली आहे. दुकानाच्या शटरच्या डाव्या हाताला, पाण्याच्या मीटरच्या वर, जेमतेम हातभर जागा आहे. चुन्याचा जुना गिलावा तिथे अजून शाबूत आहे. त्याने टेपने मोजून पेन्सिलीने चौकोन आखला आणि म्हणाला, ‘मॅडम, परवानगीचं तेवढं बघा.’

परवानगी घातचतुर्दशीच्या आत मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर त्या संध्याकाळी सराफ्याची दुकाने बंद व्हायच्या आणि खाण्याच्या गाड्या लागायच्या मधल्या वेळात मी त्या पेन्सिलीच्या चौकोनाखाली ओटल्यावर एक पणती लावणार आहे. कोणाच्या येण्या-जाण्याला अडथळा होणार नाही. महापौर, आपण यावे. मंडळांच्या पदाधिकाऱ्यांनी यावे. तेल-वात मी आणीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
रामबाग, इंदूर